रँक नावाच्या आधी लिहिणाऱ्या नलिनीबाई

श्रीमती नलिनी गोरे यांची आणि माझी पहिली ओळख मिरच्यांवरून झाली. आमच्या नातीला, अश्विनीला, अकरावीला सांगलीत घातलं तेव्हा विश्रामबागेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि तिच्या जेवणाखाण्याला मी उंब्रजहून येऊन राहिले. खालच्या घरात बाई राहायच्या. गावाकडच्या मिरच्या मी बरोबर आणलेल्या. त्या गच्चीत वाळवल्या आणि एका दुपारी तिथंच खलबत्ता घेऊन कांडायला बसले. थोड्या वेळानं खालून शिंकांवर शिंका ऐकू यायला लागल्या. मला वाटलं, झालं, आता भांडण. शहरातलं माणूस, त्यातून इंग्रजीची मास्तरीण. बाई जिना चढून वर आल्या. डोळे लाल, नाकाला पदर. म्हणाल्या, "अहो, हे तिखट तयार झालं की मलाही थोडं द्या. एवढ्या शिंका फुकट जायला नकोत."

तेव्हापासून आमचं जमलं ते आजपर्यंत.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांचे मोठमोठे विद्यार्थी लिहिणार आहेत. त्यांच्या पंक्तीत मलाही पान वाढलं याचा मला लई आनंद आहे. बाईंनी शाळेत किती वर्षं नोकरी केली, कुठली बक्षिसं मिळवली, हे ती मंडळी सांगतीलच. मी सांगणार आहे ते त्यांच्या ओसरीवरचं.

निवृत्त झाल्यावरही बाईंच्या ओसरीवर संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरत असे. फी विचारली की म्हणायच्या, "पास झालास की पेढे आण." आमची अश्विनी तिथंच इंग्रजी शिकली. चारचौघांत बोलताना अडखळायची, माझ्यासारखीच. बाईंनी तिला काय सांगितलं, तर रोज आजीला मराठीत एक गोष्ट सांगायची आणि तीच खाली येऊन त्यांना इंग्रजीत सांगायची. मग काय, पोरगी माझ्यामागं स्वयंपाकघरात, "आज्जे, ऐक की गं." तिचं इंग्रजी सुधारलं आणि माझ्या भाकरी करपल्या. पुढं ती फौजेत ऑफिसर व्हायच्या परीक्षेला बसली, मुलाखतीत पास झाली, चेन्नईला ट्रेनिंगला गेली. त्या मुलाखतीत तिला विचारलं होतं म्हणे, तुझ्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा? तिनं बाईंचं नाव सांगितलं. माझं का नाही सांगितलंस म्हणून मी भांडले, तर म्हणाली, "तुझं सांगितलं असतं तर मुलाखत संपलीच नसती."

पण ओसरीवर नुसती पोरं येत नसत. आमच्या सातारा-सांगलीकडं घरटी एक माणूस फौजेत. कुणाला पलटणीला इंग्रजीत पत्र लिहायचं असतं, कुणाला निमंत्रण छापायचं असतं. अशी माणसं बाईंकडं येत. त्यांच्या कामाची एक रीत होती, अजूनही आहे. इंग्रजीत काय लिहिलंय ते त्या आधी मराठीत वाचून दाखवणार. कागदावर ज्याचं ज्याचं नाव असेल त्या प्रत्येकाला विचारणार, "हे बरोबर आहे? हो म्हणता?" हो आल्याशिवाय कागद हातात द्यायचा नाही. माणूस समोर नसेल तर फोन लावायचा. घाईची माणसं वैतागायची. बाई मात्र हलायच्या नाहीत. म्हणायच्या, "इंग्रजी माझं असलं तरी नाव तुमचं आहे."

आणि रँक. तिथं तर त्या फारच कडक. आमच्याकडं गावात फौजेतला कुठलाही गडी दिसला की "काय मेजर, कवा आलाय सुट्टीला?" असंच विचारतात. नवा भरती झालेला पोरगाही मेजर आणि पेन्शन घेऊन पारावर बसलेला म्हाताराही मेजर. प्रेमानं म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण लिहिताना बाई ते चालवून घेत नसत. कोयनानगरची एक बाई आली होती. तिचे मालक वारलेले, त्यांच्या नावानं शाळेत पोरांना बक्षीस ठेवायचं होतं. म्हणाली, हवालदार लिहा, गावात समदे हवालदारच म्हणत्यात. बाईंनी विचारलं, "ते स्वतः काय सांगायचे?"

"नाईक म्हणायचं."

"मग त्यांचंच ऐकू या का?"

ती बाई रडली आणि हसलीसुद्धा. म्हणाली, "व्हय व्हय. खोटं बोललेलं त्यास्नी कवाच खपायचं न्हाई." हवालदाराच्या एक पायरी खालचं, पण नाईकच लिहिलं. तो फलक अजून शाळेत आहे.

आमचे सुभेदार, म्हणजे माझे मालक मारुती जाधव, यांना बाईंनी पहिल्या दिवाळीला इंग्रजीत शुभेच्छापत्र पाठवलं. पाकिटावर आधी सुभेदार, मग नाव आणि सगळ्यात शेवटी कंसात निवृत्त. सुभेदार कानानं कमी आहेत पण डोळ्यानं पक्के. पाकीट फिरवून फिरवून बघितलं. पुढच्या खेपेला सांगलीला आले तेव्हा ओरडूनच विचारलं, कारण स्वतःला ऐकू येत नाही म्हणून त्यांना वाटतं जगालाच येत नाही. "बाई! समदी लोकं निवृत्त आधी लिवत्यात, तुमी शेवटाला का टाकलं?"

बाईंनी तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, "घरी तुम्ही आलात, सुभेदार! रँक कुठं आली? ती तिथंच उभी आहे!"

तेव्हापासून आमचे सुभेदार बाईंचे भक्त. ऊस तुटून गेला की काकवीची बरणी पहिली विश्रामबागेत जाते, मग पोरींच्या सासरी.

हे सगळं बाईंना कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. त्यांचे थोरले भाऊ फौजेत होते. वडील त्यांना पत्र लिहायचे आणि पाकिटावरचा पत्ता नलिनीकडून घालून घ्यायचे. भावाला बढती मिळाली की वडील उगीचच पत्र लिहायचं कारण काढायचे. मांजराला पिल्लं झाली, परसात कढीलिंब फुटला. बाई म्हणाल्या, "पत्रात काही नसायचं हो. पाकिटावर नवी रँक लिहून बघायची असायची त्यांना."

बाईंच्या स्वभावाचं सांगायचं तर एक गोष्ट पुरे. अश्विनीच्या बारावीच्या परीक्षेत मला ताप आला. अंथरुणातून उठवेना. पोरगी उपाशी पेपरला जाते की काय म्हणून माझा जीव कासावीस. सकाळी बघते तर बाई आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. जन्मात कधी थापली नव्हती त्यांनी. भाकरीचा झाला होता नकाशा. मी पडल्या पडल्या सांगत होते, पाणी कमी, हात गोल फिरवा, आणि त्या "हो बाई, हो बाई" करत ऐकत होत्या. अश्विनी ती भाकरी खाऊन गेली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. बाई म्हणतात, भूगोलात तिला मार्क पडले ते माझ्या भाकरीमुळं.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगायलाच मी हा लेख लिहायला घेतला.

अश्विनी मेजर झाली. खरीखुरी मेजर. आणि तिचं लग्न ठरलं ते बाईंच्या वर्गात तिच्या शेजारी बसणाऱ्या सुहास माने याच्याशी. सुहासची सांगलीजवळ उसाच्या रोपांची नर्सरी आहे. पोरगा शांत, मातीतला. त्याचे वडील आनंदराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळं जुळलं. मराठी पत्रिका आमच्याकडच्या रितीनं झाली. पण अश्विनीच्या पलटणीतले साहेब लोक कोण पंजाबचे, कोण केरळचे. त्यांच्यासाठी इंग्रजी पत्रिका पाहिजे. ती लिहायची कुणी, हा प्रश्नच नव्हता.

आम्ही सगळे एका दुपारी बाईंच्या ओसरीवर जमलो. मी, सुभेदार, आनंदराव आणि सुहास. अश्विनी नोकरीवर, दूर आसामात. तिच्या आईबापांनी पत्रिकेचं सगळं आमच्यावर सोपवलेलं, नावंही आम्हा दोघांचीच घालायला सांगितलेली. बाईंनी मजकूर लिहून ठेवला होता. तो मराठीत वाचायला लागल्या. सुभेदार मारुती जाधव, निवृत्त, आणि सौ. हौसाबाई यांची नात मेजर अश्विनी. एवढ्यावर आले आणि आनंदराव म्हणाले,

"बाई, तेवढं मेजर काढा."

सुभेदारांना ऐकू आलं नाही, ते म्हणाले, "काय काढा?"

मी त्यांच्या कानात सांगितलं. सुभेदार तापले. "का? भाड्यानं आणलीया व्हय ती रँक? राष्ट्रपतीनं दिल्याली हाय, काढायची तर दिल्लीला जाऊन काढा!"

"सुभेदार साहेब, रागावू नका," आनंदराव म्हणाले. "पण पोराच्या नावाम्होरं कायबी न्हाई अन् पोरीच्या नावाम्होरं मेजर. बरं दिसतंय का?"

सुहास खाली बघून म्हणाला, "आबा, मराठी पत्रिकेत माझ्या नावाआधी चिरंजीव हाय की. मला तेवढं बास."

"तू गप रं."

माझी पंचाईत झाली. नातीनं मिळवलेलं नावापुढचं मानाचं पद तिच्या स्वतःच्याच लग्नात खोडायचं, हे मनाला पटेना. आणि ताणून धरावं तर लग्न लागायच्या आधीच दोन घरांत अढी. मी म्हटलं, "आनंदराव, आवं पोरगी एवढी शिकली..." पण बाईंनी मला हातानं थांबवलं. त्यांनी कोणाची बाजू घेतली नाही. आपली रीत काढली. म्हणाल्या, "आनंदरावांचं 'हो' आलेलं नाही, ते लक्षात ठेवलं. आता जिचं नाव आहे तिलाही विचारायला हवं." आणि फोन लावून मधे टीपॉयवर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

अश्विनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, आबांना जड वाटत असेल तर राहू द्या. पत्रिकेवर नसली म्हणून रँक थोडीच जाणार आहे?"

मला वाटलं, संपलं. आनंदरावही सुटल्यासारखे मागं टेकले. बाई फोनकडं वाकून म्हणाल्या, "अश्विनी, हे तुझं 'हो' समजू का मी?"

मग ती म्हणाली, "न्हाई बाई. हो न्हाई. पहिली पत्रिका पलटणीच्या मोठ्या साहेबांच्या, माझ्या सीओंच्या टेबलावर जाणार. माझे जवान ती बघणार. माझ्या हाताखालच्या पोरांना मी काय सांगू? वर्दीत चालते ती रँक माझ्या घरी चालत न्हाई म्हणून?"

आनंदरावांचा चेहरा पडला. पोरगी ऐकतेय हे ते विसरले होते की काय कोण जाणे. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाईंकडं बघून बोलायला लागले.

"बाई, मी हिला कमी लेखत न्हाई. तुमास्नी कसं सांगू? माझी जिंदगी गेली मेजर साहेब आलं की ताडकन उठण्यात. हाडात बसलंय ते. आता ही सून म्हणून घरात येणार. मी सोप्यात पेपर वाचत बसलोय अन् ही च्या घेऊन आली, तर मी बसायचं का उठायचं? बसलो तर रँकचा अपमान अन् उठलो तर गाव हसंल, सासरा सुनंला सॅल्यूट मारतोय म्हणून. पत्रिकेत छापलं न्हाई तर निदान मला तरी इसरता यील."

मी ते सुभेदारांच्या कानात सांगितलं, तर त्यांनी नुसती मान डोलावली. फौजेतल्या माणसाचं दुखणं फौजेतल्या माणसाला कळतं. मला इतका वेळ आनंदरावांचा राग आला होता, तो कुठल्या कुठं गेला.

तेवढ्यात फोनमधून अश्विनी म्हणाली, "आबा, एक सांगू? माझ्या कंपनीत सुभेदार साहेब हायत. वयानं माझ्या पप्पांएवढे. सकाळी ते मला सॅल्यूट करतात. आणि त्यांना विचारल्याशिवाय मी एक बी काम पुढं रेटत न्हाई. मी नवी होते तवा त्यांनीच मला सगळं शिकवलं. पलटणीत असंच चालतंय, तुमाला ठाऊक हाय."

"व्हय. असंच चालतंय," आनंदराव म्हणाले.

"मग घरात बी तसंच चालवू. मी च्या घेऊन आले तर तुमी बसा. मला नर्सरीतलं, गावातलं, पावण्यारावळ्यांचं काय कळत न्हाई, ते तुमी शिकवा. आणि वर्दीत आले तर तुमच्या मनाला वाटंल तसं करा. मी बी तुमच्या पाया पडूनच बाहेर पडणार हाय."

आनंदरावांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. मग नाक ओढून म्हणाले, "लिवा बाई. मेजर लिवा."

मी उठून आत जाणार, देवापुढं साखर ठेवावी म्हणून, तर बाई म्हणाल्या, "थांबा हौसाबाई. अजून एक नाव राहिलंय. आनंदराव, तुम्ही मला तुमचं नाव नुसतं श्री. आनंदा माने असं सांगितलं होतं. तुमची रँक कुठं गेली?"

"ऱ्हाऊ दे की बाई. तिकडं मेजर अन् इकडं हवालदार. शोभतंय व्हय?"

"मी मेजर काढलं नाही, तर हवालदार कसं गाळू?"

आता सुभेदारांना नेमकं ऐकू आलं. "आवं व्याही, म्या तरी कुठं जनरल हाय?"

सगळे हसले. बाईंनी कागद पुढं ओढला, लिहिलं आणि पहिल्यापासून वाचलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. इंग्रजी मला काही कळलं नाही, पण बाई हळू वाचत होत्या, एकेका माणसाला पाट मांडून बसवावं तसं. हवालदार आनंदा माने, निवृत्त, यांचे चिरंजीव सुहास, असं आलं तेव्हा आनंदराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. छाती पुढं, हात सरळ. सुहासनं वर बघितलं. मला वाटतं, बापाला त्या पोरानं तसं उभं राहिलेलं फार वर्षांनी बघितलं असेल.

"बरोबर आहे?" बाईंनी विचारलं. "हो म्हणता?"

"व्हय. छापा."

छापखान्यातल्या माणसानं मधेच आपलं डोकं चालवून लेडी मेजर असं घातलं होतं, तेही बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्याला सांगितलं, "फौजेत अशी रँक नाही हो. मेजर म्हणजे मेजर." त्यानं बिचाऱ्यानं लगेच दुरुस्त केलं आणि वर विचारलं, माझ्या पुतणीला पण तुमच्याकडं पाठवू का? ती पुतणी आता ओसरीवर येते.

लग्न झक्क झालं. आसामातून साहेब लोक आले, त्यांनी आमची पुरणपोळी कटाच्या आमटीत बुडवून खाल्ली. पलटणीचे सुभेदार साहेबही आले होते. ते मांडवात शिरले आणि कुणी न दाखवता, उभं राहण्याच्या ढबीवरूनच ओळखून, थेट आनंदरावांकडं गेले आणि म्हणाले, "हवालदार साब, राम राम." पत्रिकेत वाचलं होतं ना त्यांनी. दोघं एका पंगतीला बसले आणि पार पान सुकेपर्यंत पलटणीच्या गप्पा मारत राहिले. आनंदरावांच्या मंडळी मला म्हणाल्या, "काकी, फौजेतनं घरी आल्यापासनं ह्यांनी एवढं कुणाशी बोलल्यालं मी पयल्यांदाच बघतीया."

परवा मी त्यांच्याकडं गेले होते. अश्विनी सुट्टीवर आलेली. आनंदराव सोप्यात बसून तिला कुठल्या रोपाला किती पाणी ते शिकवत होते, आणि ती "जी आबा, जी आबा" करत होती. चहा सुहासनं आणला.

बाई, तुम्ही त्या दुपारी एकदाही आवाज चढवला नाहीत. कुणाला शिकवलं नाहीत, कुणाला लाज वाटू दिली नाहीत. नुसतं ज्याचं त्याला विचारलंत. एका घरात सून मेजर म्हणून आली आणि सासऱ्यालाही आपलं हवालदारपण परत मिळालं. माझ्या नातीच्या संसाराचा पाया तुमच्या ओसरीवर असा घातला गेला. याहून मोठं मी तुमच्याबद्दल काय लिहू?

परमेश्वरानं तुम्हाला भरपूर आयुष्य द्यावं. गुडघे चालते ठेवावेत, चष्म्याचा नंबर आहे तिथंच थांबवावा, आणि तुमची ओसरी पोरांनी भरलेली राहू दे. मी हा लेख लिहायला बसलेय म्हटल्यावर आनंदरावांनी मुद्दाम फोन करून निरोप दिला. म्हणाले, "काकी, माझ्या वतीनं बी लिवा. अश्विनी कर्नल हुईल तवा ती रँक बाईंच्याच हातनं लिवायची हाय, म्हणून तंवर बाईंनी ठणठणीत ऱ्हायाचं. ब्रिगेडियरचं मागनं बघू."

मी म्हटलं, आनंदराव, मागनं कशाला? देवाकडं मागायचंच आहे तर आत्ताच मागून घेऊ. बाई, ब्रिगेडियरपर्यंत राहा.

— सौ. हौसाबाई मारुती जाधव, उंब्रज